वाचनालयाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स : मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिण्याची सोय कशी करावी?

प्रश्न : खानापूर तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात तीन डेस्कटॉप संगणक आहेत. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या कचेऱ्यांतून निकाली निघालेली ही यंत्रे वाचनालयाला आणून दिली. त्यांपैकी दोघांत कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी मेमरी आहे, तर तिसऱ्यात थोडा नंतरचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी आहे. तिन्हींवर विंडोज १० आहे. त्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय या यंत्रांत नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स (दुसरी, मुक्त कार्यप्रणाली) बसवावे असा माझा विचार आहे. मी स्वतः घरी वर्षभर ते वापरले आहे, पण दहा जणांनी हाताळायची यंत्रे सांभाळण्याचा अनुभव मला नाही.

आमची खरी गरज भाषेची आहे. सभासदांची नोंद, पुस्तकांची यादी आणि वार्षिक अहवाल आम्ही मराठीत लिहितो. ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या कचेऱ्यांना द्यायचे अर्ज मात्र कन्नडमधून लिहावे लागतात, आणि काही पत्रांत तर वरचा अर्धा मजकूर मराठीत आणि खालचा कन्नडमध्ये असतो. संध्याकाळी मराठी शाळेतील मुले येतात. त्यांना शाळेत कन्नडही शिकायचे असते, त्यामुळे त्यांनी दोन्ही भाषांत टंकलेखन शिकावे अशी आमची इच्छा आहे.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, त्यामुळे डेटा जपून वापरावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात वीज दिवसातून अनेकदा जाते. आणखी एक अडचण अशी की, फुकट मिळणारी वस्तू सार्वजनिक संस्थेत बसवली तर उद्या कोणी कायद्याचा प्रश्न काढील, अशी शंका आमच्या कार्यकारी मंडळातील दोन ज्येष्ठ सदस्यांना वाटते. त्यांना काय सांगावे? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : बेळगाव

नमस्कार. मी बेळगावात गेली अनेक वर्षे मराठी आणि कन्नड अक्षरजुळणीचे काम करतो आणि त्यांतील बरीच वर्षे लिनक्सवरच काढली आहेत, म्हणून भाषेपुरते मी सांगतो. बाकीचे इतर मंडळी सांगतीलच.

मुलांना शिकवायचे असेल तर इन्स्क्रिप्ट कळफलकच शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण आपल्या सीमाभागाइतके दुसरीकडे क्वचितच पटेल. हा कळफलक १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकाचा भाग आहे आणि त्याची रचना लिपीवर नव्हे तर उच्चारावर आधारलेली आहे. ज्या कळेवर मराठीचा ‘क’ आहे त्याच कळेवर कन्नडचा ‘क’ आहे; ‘ग’, ‘प’, ‘र’, ‘ळ’ यांचेही तसेच. स्वर बहुतेक डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात, हेही दोन्ही भाषांत समान आहे. याचा अर्थ असा की, मुलाची बोटे मराठीसाठी एकदा तयार झाली की कन्नडसाठी ती पुन्हा तयार करावी लागत नाहीत.

आपल्याच शहराचे नाव घेऊ. मराठीत ‘बेळगाव’ लिहिताना वाय, एस, शिफ्टसह एन, आय, ई, बी अशा कळा दाबाव्या लागतात. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ लिहिताना वाय, झेड, शिफ्टसह एन, आय, ई, बी आणि शेवटी ऱ्हस्व इकारासाठी एफ. फरक पाहा : एसच्या जागी झेड आला, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए हे दोन वेगळे स्वर आहेत आणि या नावात ऱ्हस्व ए आहे. मराठी मुलाला कन्नडच्या टंकलेखनात नव्याने शिकायचे मुख्यतः एवढेच : ऱ्हस्व ए झेडच्या कळेवर आणि ऱ्हस्व ओ एक या अंकाच्या डावीकडील कळेवर. लिहिता लिहिता हा ऱ्हस्व-दीर्घ भेद मुलांच्या कानातही पक्का बसतो, असे मला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांत दिसले आहे.

यासाठी वेगळे काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. लिनक्सच्या मूळ कळफलक-व्यवस्थेतच भारतीय कळफलकांच्या यादीत मराठीचा वर्धित इन्स्क्रिप्ट आणि कन्नडचा कळफलक दोन्ही असतात. सेटिंग्जमध्ये कळफलकाच्या विभागात जाऊन मांडणीच्या यादीत इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन मांडण्या जोडा आणि त्या बदलण्यासाठी एक कळजोडी ठरवा. ही व्यवस्था एका वेळी चारपर्यंत मांडण्या धरून ठेवते, त्यामुळे तीन सहज बसतात. आयबस नावाची टंकन-व्यवस्था अनेक जण बसवतात आणि ती चांगलीही आहे, पण २ जीबी मेमरीच्या यंत्रावर जे काम मूळ व्यवस्थेत होते त्यासाठी सतत चालणारा आणखी एक प्रोग्रॅम मी तरी ठेवणार नाही.

फाँटबाबत थोडेच सांगायचे आहे. देवनागरीसाठी नोटो आणि लोहित, कन्नडसाठी नोटो, लोहित आणि त्याखेरीज गुब्बी व नविलू हे फाँट लिनक्सच्या भांडारातून, म्हणजे प्रोग्रॅम जिथून उतरवून घेतात त्या साठ्यातून, मिळतात. गुब्बी म्हणजे चिमणी आणि नविलू म्हणजे मोर; मुलांना ही नावे फार आवडतात. आपले जुने अहवाल जर युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारे मानक) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले असतील तर ते उघडल्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसेल, कारण त्या फाँटनी रोमन अक्षरांच्याच संकेतांवर मराठी आकार चढवले होते. कन्नडच्या जुन्या फायलींचेही असेच आहे. अशा फायली रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि नंतर माणसाने एकदा वाचून घ्याव्यात, कारण जोडाक्षरांत आणि रफारांत हमखास चुका राहतात.

उत्तर : निपाणी

मी एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षाची व्यवस्था पाहतो. प्रथम आपल्या कार्यकारी मंडळाच्या शंकेविषयी. लिनक्सचा गाभा, जो लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला, तो जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो. तो परवाना कोणालाही कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, कितीही प्रती करण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क लेखी देतो. वाटणाऱ्याने तोच हक्क पुढच्यालाही दिला पाहिजे आणि मूळ सोर्सकोड मागणाऱ्याला उपलब्ध करून दिला पाहिजे, एवढीच मुख्य अट आहे. तेव्हा मंडळाला ‘हे फुकट आहे’ असे सांगू नका, ‘याचा परवाना आपल्याकडे लेखी आहे’ असे सांगा आणि परवान्याची छापील प्रत फायलीला लावून ठेवा. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही डेबियनच्या आधारे बॉस नावाची कार्यप्रणाली तयार केली आहे, हे ऐकल्यावर ज्येष्ठांची शंका बहुधा मिटेल.

कोणता लिनक्स घ्यावा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. आपल्या यंत्रांसाठी लिनक्स मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती योग्य ठरेल. तिला किमान २ जीबी मेमरी लागते, आणि २२ ही मालिका उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असल्यामुळे तिला एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा आहे, त्यामुळे अडचण येणार नाही. मात्र २ जीबीच्या यंत्रांत ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघडल्या की वेग मंदावेल. शक्य असेल तर त्या दोन यंत्रांत मेमरी वाढवा आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी घाला. या दोन बदलांनी जेवढा फरक पडतो तेवढा कोणताही लिनक्स निवडून पडत नाही. तिन्ही यंत्रांवर एकच आवृत्ती ठेवा. वेगवेगळ्या ठेवल्या तर सांभाळणाऱ्याचे काम तिप्पट होते.

आता खात्यांविषयी, कारण सार्वजनिक यंत्र बिघडते ते बहुतेक वेळा इथेच. बसवताना जे पहिले खाते तयार होते त्याला प्रशासकाचे अधिकार असतात. ते फक्त आपल्याकडे आणि आणखी एका विश्वासू सदस्याकडे असू द्या, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात कपाटात ठेवा, म्हणजे आपण गावी नसताना काम अडणार नाही. ग्रंथपालासाठी दुसरे, साधे खाते काढा. वाचकांसाठी मात्र खाते काढण्याऐवजी प्रवेश-खिडकीच्या सेटिंग्जमध्ये पाहुण्यांचे सत्र सुरू करा. पाहुण्यांच्या सत्रात जे काही लिहिले, उतरवले किंवा बदलले ते सत्र बंद होताच पुसले जाते, त्यामुळे एखाद्याने सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून अर्ज भरला आणि बाहेर पडायला विसरला तरी पुढच्या माणसाला त्याची माहिती दिसत नाही. वाचकांना ही गोष्ट भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून सांगा, नाहीतर कोणीतरी तासभर टंकलेला अर्ज साठवला असे समजून निघून जाईल.

उत्तर : अथणी

वरील बेळगावच्या सदस्यांच्या मताशी मुलांपुरता मी सहमत आहे, परंतु प्रौढ वाचकांचा विचार वेगळा करावा असे सुचवतो. आमच्या गावातील साठीच्या पुढचे लोक मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याला सरावले आहेत. त्यांना इन्स्क्रिप्टसमोर बसवले तर दोन दिवसांत ते यायचे बंद होतात. त्यांच्यासाठी त्याच यादीत कगप नावाचा ध्वन्यात्मक कळफलक आहे, ज्यात ‘के’ दाबले की क आणि ‘जी’ दाबले की ग येतो. कन्नड गणक परिषदेच्या नावावरून त्याला हे नाव पडले. आनंदाची गोष्ट अशी की तो कन्नडप्रमाणेच मराठीसाठीही उपलब्ध आहे. बेळगावच्या सदस्यांनी चार मांडण्यांची मर्यादा सांगितली आहे. तेव्हा एका यंत्रावर चौथी मांडणी म्हणून मराठी कगप ठेवावी आणि ते यंत्र ज्येष्ठांसाठी राखून ठेवावे.

प्रश्नकर्ता : खानापूर तालुका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत दोन यंत्रे पूर्णपणे लिनक्सवर आली. तिसऱ्यावर जुना हिशेबाचा प्रोग्रॅम असल्यामुळे विंडोजही ठेवले आहे, पण विंडोज चालू असताना इंटरनेट जोडत नाही. परवान्याची प्रत मंडळापुढे ठेवली आणि ठराव झाला. मुलांनी इन्स्क्रिप्ट उत्साहाने घेतला आहे. सातवीतली एक मुलगी आठ दिवसांत दोन्ही भाषांत आपले आणि गावाचे नाव न पाहता लिहू लागली.

काही अडचणी उरल्या आहेत. एका यंत्रावर बरोबर पासवर्ड टाकूनही प्रवेश मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच पासवर्ड चालतो. ज्या यंत्रावर दोन्ही प्रणाली आहेत तिथे घड्याळ साडेपाच तासांनी चुकते. लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी पुस्तकांत असतात तशी दिसतात, आपल्या पाठ्यपुस्तकांतल्यासारखी नाही, आणि शिक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. मराठी-कन्नड मिश्र पत्रात मराठीचा फाँट बदलला की कन्नडचाही बदलतो. आणि तिन्ही यंत्रांवर अद्यतने घेताना मोबाइलचा डेटा संपतो.

उत्तर : चिक्कोडी

मी मराठी शाळेत शिक्षिका आहे आणि आपल्या शिक्षकांचा आक्षेप मला योग्य वाटतो. मुलाने फळ्यावर एक ‘ल’ पाहावा आणि पडद्यावर दुसरा, हे बरे नाही. परंतु दोष फाँटचा नाही. नोटो आणि लोहित या दोन्ही देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आधीपासून ठेवलेले आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच ते पुढे येतात. लिबरऑफिस भारतीय भाषांसाठी पुष्कळदा हिंदी गृहीत धरते. साधने, पर्याय, भाषा-विभाग असे जाऊन जटिल लिप्यांची भाषा मराठी करा. जुन्या फायलींत सगळा मजकूर निवडून त्याची भाषा वेगळी बदलावी लागेल. आमच्या शाळेत हे केल्यावर पहिल्या पानापासून अक्षरे आपल्या वळणाची दिसू लागली.

मिश्र पत्राची अडचणही त्याच मुळातून येते. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट मानते : पाश्चात्य, आशियाई आणि जटिल. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या जटिल गटात पडतात, त्यामुळे एकीसाठी निवडलेला फाँट आणि भाषा दुसरीलाही लागू होते. त्या फाँटमध्ये कन्नड अक्षरे नसतील तर प्रणाली दुसऱ्या कुठल्यातरी फाँटमधून ती आणून दाखवते. यावर उपाय म्हणजे ‘कन्नड’ नावाची एक वर्णशैली तयार करा, तिच्यात फाँट नोटो कन्नड आणि भाषा कन्नड ठरवा, आणि कन्नड मजकूर निवडून ती शैली लावा. अशा पत्राचा एक कोरा साचा करून ग्रंथपालांच्या खात्यात ठेवला की दर वेळी हे करावे लागणार नाही. पत्र बाहेर पाठवताना पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आत बसवले जात असल्यामुळे कचेरीतील यंत्रावर तो फाँट नसला तरी मजकूर जसाच्या तसा छापला जातो.

उत्तर : निपाणी

पासवर्डची अडचण जवळजवळ खात्रीने मांडणीची आहे. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्यामुळे आपण देवनागरीत टंकत आहोत हे कळत नाही. मांडण्यांच्या यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि प्रवेश-खिडकीच्या कोपऱ्यात कोणती मांडणी चालू आहे ते पाहण्याची सवय सर्वांना लावा. पासवर्ड स्वतः रोमन अक्षरे आणि अंक यांचाच असावा. खात्याचे प्रवेश-नावही रोमन लिपीतील लहान अक्षरांतच ठेवावे लागते, पण पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव मराठीत लिहिता येते.

साडेपाच तासांचा फरक पाहिला की कारण लगेच ओळखता येते, कारण भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा तेवढीच पुढे आहे. यंत्राच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ ठेवते, म्हणून एकीने लावलेले घड्याळ दुसरीला चुकीचे वाटते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल या आज्ञेने ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय १ केला की लिनक्सही स्थानिक वेळ मानेल. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करतात तिथे हा उपाय गैरसोयीचा ठरतो, आपल्याकडे तशी पद्धत नसल्यामुळे तो निर्धास्तपणे करावा. त्याच यंत्रावर विंडोजमधील जलद सुरुवातीची सोय बंद करा. ती चालू असली तर विंडोज आपले विभाग अर्धवट उघडे ठेवते आणि लिनक्समधून त्यांवर लिहिता येत नाही.

डेटासाठी एपीटी-कॅशर-एनजी हा छोटा प्रोग्रॅम आय-थ्रीच्या यंत्रावर बसवा. तिन्ही यंत्रे एकाच स्विचला किंवा राउटरला जोडलेली असली पाहिजेत. बाकीच्या दोन यंत्रांच्या एपीटीच्या (प्रोग्रॅम आणि अद्यतने आणणाऱ्या व्यवस्थेच्या) सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून आय-थ्रीचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट द्या. एखाद्या यंत्राने अद्यतन मागवले की ते आय-थ्रीवर साठून राहते आणि दुसऱ्या यंत्राने तेच मागितले की इंटरनेटवर न जाता तिथूनच मिळते. म्हणूनच मी आवृत्ती एकच ठेवायला सांगितले होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा : एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या भांडारांची साठवण अशी सरळ होत नाही, आणि आय-थ्री बंद असेल तर बाकीच्यांचे अद्यतन अडते, तेव्हा आठवड्यातला एक दिवस ठरवून आधी ते सुरू करा. डेटा वाचवण्यासाठी अद्यतनेच घ्यायची नाहीत, हा मार्ग मात्र कृपया पत्करू नका. सार्वजनिक यंत्रावर लोक सरकारी अर्ज भरतात आणि बँकेचे संकेतस्थळही उघडतात. निदान ब्राउझरची आणि सुरक्षेची अद्यतने आठवड्याला आलीच पाहिजेत.

राखीव प्रतीसाठी टाइमशिफ्ट वापरा, पण त्याचे काम नीट समजून घ्या. ते प्रणालीच्या फायली जपते, खात्यांतील कागदपत्रे मूळ सेटिंगमध्ये जपत नाही. शिवाय त्याला लिनक्सचीच फाइल-रचना असलेली डिस्क लागते, बाजारातून आणलेला पेनड्राइव्ह जसाच्या तसा चालत नाही. पुस्तकांची यादी आणि सभासदांची नोंद यांची वेगळी प्रत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क वाचनालयात न ठेवता कोणाच्या तरी घरी ठेवा.

उत्तर : जांबोटी

विजेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या जंगलपट्टीतील पावसाळा आपल्याला परिचित आहेच. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल-रचना बदलांची नोंद आधी एका रोजनिशीत करते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कची मांडणी सहसा शाबूत राहते. परंतु आपण टंकत असलेला आणि अजून न साठवलेला मजकूर रोजनिशीत नसतो, तो जातोच. लिबरऑफिस मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी सावरण्याची माहिती साठवते. ती वेळ दोन मिनिटे करा. यूपीएसची पहिली शिट्टी वाजली की काम साठवून यंत्र रीतसर बंद करायचे, हा नियम मुलांनाही शिकवा. यूपीएस काम पुढे चालवण्यासाठी नसून यंत्र नीट बंद करता यावे यासाठी आहे.

आमच्याकडे खरे नुकसान झाले ते वीज जाण्याने नव्हे, दहा मिनिटांत चार वेळा येण्याजाण्याने. वीज आली की यंत्र आपोआप सुरू व्हायचे, अर्ध्यात पुन्हा बंद पडायचे आणि एके दिवशी ते सुरू होताना इनिटरामएफएस असा शब्द दाखवून काळ्या पडद्यावर थांबले. तेथे एफएससीके ही आज्ञा, पडद्यावर दाखवलेल्या विभागाच्या नावासह, दिल्यावर डिस्कची दुरुस्ती होऊन यंत्र पूर्ववत चालू झाले. त्यानंतर मी बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन, वीज परत आल्यावर यंत्राने बंदच राहावे, असे ठरवून टाकले. आपणही तिन्ही यंत्रांवर हे आजच करून घ्या. पेनड्राइव्ह काढताना ‘सुरक्षितपणे काढा’ केल्याशिवाय ओढू देऊ नका, कारण फाइल गेल्यासारखी दिसली तरी ती बराच वेळ मेमरीतच असू शकते.

प्रश्नकर्ता : खानापूर तालुका

पासवर्ड, घड्याळ आणि अक्षरांचे वळण या तिन्ही अडचणी सांगितल्याप्रमाणे दूर झाल्या. बायोसचे सेटिंगही बदलले. कॅशरसाठी स्विच आणायचा आहे.

एक नवी गोष्ट लक्षात आली. पुस्तकांची यादी आम्ही लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये करतो आणि आतापर्यंत साधारण अकराशे नोंदी झाल्या आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द शोधला तर नावात तो शब्द असलेली काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत, जरी डोळ्यांना दोन्ही नोंदी अगदी सारख्या दिसतात. हा फाँटचा दोष असावा का?

उत्तर : बेळगाव

फाँटचा दोष नाही, आणि ही बाब आपल्या लवकर लक्षात आली हे फार चांगले झाले. मराठीतील हा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. मुलांनी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबून ऱ लिहिला असेल आणि जुन्या नोंदी दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या किंवा मोबाइलवरून आणलेल्या असतील, तर एकाच यादीत दोन्ही प्रकार मिसळतात.

वाचनालयासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षरच प्रमाण माना. न सापडणाऱ्या एका नोंदीतला तेवढाच अर्धा र, म्हणजे त्यातले न दिसणारे चिन्हही, नीट निवडून ‘शोधा आणि बदला’ या चौकटीच्या वरच्या ओळीत चिकटवा, खालच्या ओळीत इन्स्क्रिप्टमधून ऱ आणि हलन्त टंका आणि सर्व नोंदींत एकदम बदल करा. त्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा. बदल झाल्यावर ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे चार-पाच शब्द शोधून पाहा आणि सगळ्या नोंदी येतात का ते तपासा. सभासदांच्या यादीतही हे करावे लागेल, कारण आपल्याकडची कितीतरी आडनावे आणि गल्ल्यांची नावे याच अक्षराने लिहिली जातात.